मक्का, सफूरासाठी

आमचे शेजारी इद्रिस मुकादम महाडात पाण्याचे पंप दुरुस्त करतात आणि कविताही करतात. हजला नवराबायकोचा नंबर एकदमच लागला, पण तोवर सफूराभाभींचं डायलिसिस सुरू झालं होतं. त्यांनी नवऱ्याला बळेच धाडलं. "मला मक्का कवितेत दाखवा," म्हणाल्या.

इद्रिसभाई रोज दुपारी फोनवर नवी कविता म्हणत. भाभी उशीला टेकून ऐकत आणि ओळीओळीत खोड काढत.

हजच्या तोंडावरच भाभी गेल्या. बाप हज अर्धवट टाकून धावत येईल म्हणून मुलाने, जुबेरने, त्यांना कळवलंच नाही. मला असा संताप आला! पण शेजारणीने कुठवर बोलायचं?

दुसऱ्या दिवशी घरात बायका कुराण वाचत असताना फोन आला. जुबेरने स्पीकर लावून तो रिकाम्या खाटेवर ठेवला.

"डोंगर फोडून मनोरे उठले, उन्हात काच जळते,
एका कबुतराला मात्र जुनी गल्ली अजून कळते.

कशी वाटली गो?"

"अम्मीला आवडली," जुबेर म्हणाला. "दमलीय, बोलवत नाय तिला."

पलीकडून त्यांनी पुढची ओळ म्हटली. हज संपेपर्यंत रोज म्हणत राहिले.

ते परतले तेव्हा जुबेर त्यांच्या पायाशी बसून रडायला लागला. इद्रिसभाईंनी त्याला उठवलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "तिला माझी एक ओळ कधी आवडली नाय रे."