मामाची डीपी

माझ्या मामाकडे जाऊन तोंडाचा आ न वासता परत आलेला माणूस अख्ख्या पाथर्डी तालुक्यात सापडायचा नाही. मामा निवृत्त वायरमन. निवृत्त झाला तो फक्त कागदावर. गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, त्यानं आजतागायत सोडलेली नाही. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या, तेव्हा नवरदेवाचा मामा कुठे? तर मंगल कार्यालयामागच्या डीपीखाली कान टवकारून उभा! "आवाज बरा न्हाई हिचा," म्हणाला. माझ्या सासऱ्यांनी त्या दिवशी घेतलेला धसका अजून उतरलेला नाही.

त्याचं खरं वैर ऑटोस्विचशी. शेतीची लाईट येते ठरावीक तास. ती येताच मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून लोक विहिरीवर हे यंत्र बसवतात. मग सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात, डीपी जळते आणि नवी येईपर्यंत गाव बोंबलत बसतं. मामानं विहिरीविहिरीवर जाऊन ऑटोस्विच उपटले, वहीत प्रत्येकाचा नंबर लावला आणि पहिला नंबर दिला ऊसतोड कामगारांच्या वस्तीवरच्या बोअरला. तिथली कर्ती माणसं कारखान्यावर, मागे नुसती म्हातारीकोतारी. "त्यांना ना शेती ना वाडी," कुणीतरी कुरकुरलं. मामा उसळला, "तहान तर हाय ना? लाईट सरकारी हाय, म्हंजे समद्यांची. उद्या खाजगी कंपनीच्या घशात घातली, तर ह्या वस्तीला इचारनार हाय का कोनी?"

आणि गेल्या उन्हाळ्यात डीपी जळालीच. बोअर बंद. वस्तीवरच्या म्हाताऱ्या हंडे घेऊन मैलभर चालायला लागल्या. मामाचं डोकंच फिरलं. गुन्हेगार शोधायला तो सकाळीच निम्मं गाव मागे घेऊन निघाला, मीही होतो. एकेका विहिरीवरची मोटरची पेटी उघडून पाहिली, सगळ्या साफ. राहिली त्याची स्वतःची. ती त्यानं उगाच, हसत हसत उघडली, तर आत ऑटोस्विच! लाईट आली की नंबरातल्या मोटरींवर हीही मोटर रोज चढत होती. मी हबकलोच.

"म्या बसवला," मामी मागून म्हणाली. "मग काय करू? वहीत समद्या गावाचं नाव हाय. आपलं हाय का बघा. तुमी दिसभर लोकांच्या मोटरीमागं. माझी मोसंबी वाळाया लागली की डोळ्यांदेखत!"

वही चाळली. अहो, खरंच नव्हतं! मला तर मामाचा असा राग आला म्हणता! जन्मभर न्यायाच्या गोष्टी, आणि घरच्या बाईचा त्यात पत्ताच नाही.

मामानं वाद घातला नाही. वस्तीवर जाऊन, "चूक माझ्या घरची, आन् पयली माझी," असं म्हाताऱ्यांपुढे कबूल केलं. नवी डीपी येईस्तोवर बैलगाडीवर टाकी घालून त्यांना पाणी पोचवलं. उरेल ते मोसंबीला. तरी अर्धी बाग गेली ती गेलीच.

आता वस्तीनंतर मामीचा नंबर. मोटर ती स्वतः चालू करते, आणि तिची वेळ संपेपर्यंत मामा कुणाला तिकडे फिरकू देत नाही. परवा मी बांधावर होतो. मामी दारं धरून मोसंबीच्या ओळीओळीत पाणी वळवत होती, आणि वाळलेल्या ओळीलाही सोडत होती.

"अगं, ती झाडं मेल्यात," मामा हळूच म्हणाला.

"ठावं हाय," ती म्हणाली, आणि पाणी तसंच चालू ठेवलं.