मे महिन्यातला आकडा

दीप्ती मेश्रामच्या दुकानात कूलर आहे, पण लॅपटॉपची परीक्षा घ्यायची असली की ती तो बंद करते. नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. तिच्या शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. मध्ये प्लायवूडची एकच भिंत, त्यामुळे तिच्या हट्टाचा उकाडा मलाही सोसावा लागतो. सुरुवातीला मी भांडलो. ती म्हणाली, पोरं भाड्याच्या खोलीत, टिनाखाली बसून काम करतात. तिथे कूलर असलाच तर माणसावर असतो, मशीनवर नाही. ते मला पटलं, म्हणून मी आणखी चिडलो.

ती विकत काहीच नाही, फक्त दुरुस्ती करते. पण दुकानाबाहेर तिचा एक पांढरा फळा असतो, आणि आमच्या नंदनवन भागातली निम्मी कॉलेजची पोरं तो वाचल्याशिवाय लॅपटॉप घेत नाहीत. ग्राफिक्सची चिप दरवर्षी नवी येते, तिच्या नावातला आकडा वाढतो, आणि शोरूमवाले तो आकडा दाखवून माल खपवतात. दीप्ती नाव बघत नाही. ती प्रत्येक मशीनवर एकच काम लावते: एका पाच मजली इमारतीचं चित्र, खिडक्या, सावल्या, झाडांसकट पूर्ण तयार करायचं. किती मिनिटं लागली ते फळ्यावर. शोरूममध्ये एसीच्या गारव्यात पाच मिनिटं पळवून दाखवतात. मशीन खरं काय आहे ते तापल्यावर कळतं, असं तिचं म्हणणं. माणसांबद्दलही तिचं तेच मत आहे, पण ते ती फळ्यावर लिहीत नाही.

हा स्वभाव तिला बापाकडून आला. आनंदराव धान्याच्या बाजारात मापारी होते. पोती काट्यावर चढवायच्या आधी रोज सकाळी काटा शून्यावर आणायचा, मग ठरलेलं वजन ठेवून तपासायचा, मगच पहिलं पोतं. व्यापारी बोंबलले तरी त्यांनी हा नेम मोडला नाही. आता ते दुपारभर लेकीच्या दुकानात स्टुलावर बसतात आणि घामाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

गेल्या मे महिन्यात फळ्यावर एक ओळ झळकली. तीन पिढ्या जुनी चिप, एकोणतीस मिनिटं. त्या वर्षीची नवी, तेहतीस मिनिटं. म्हणजे नवीकोरी चिप जुनीपेक्षा चार मिनिटांनी मागे. चौकातल्या शोरूमबाहेर त्याच नव्या चिपचं भलंमोठं पोस्टर होतं: दुप्पट वेगवान. मला तर ती ओळ वाचून इतका आनंद झाला की मी दोन गिऱ्हाइकांना मुद्दाम बाहेर नेऊन दाखवली. पोस्टरबाजीचा मला मनस्वी तिटकारा आहे.

चौथ्या दिवशी शोरूमचा मालक अश्विन स्वतः आला. त्या वेळी कुही गावाकडचे रुपराव दुकानात बसले होते. त्यांची मुलगी चिन्मयी आर्किटेक्टचं शिकायला लागली होती. तिच्या मैत्रिणींनी फळ्याचं सांगितलं, म्हणून हा माणूस सकाळच्या एसटीनं आला होता आणि जुनी चिप असलेला सेकंड हँड लॅपटॉप बाजारातून घ्यायचं जवळपास ठरवून बसला होता.

अश्विननं आवाज चढवला नाही. त्यानं फळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"ताई, जुन्याची तारीख जानेवारीची आहे. नव्याची मे महिन्याची. जानेवारीत आपण स्वेटर घालून राहतो. ही बरोबरी झाली का?"

दीप्तीनं जवळ जाऊन दोन्ही तारखा वाचल्या. तारीख तिनंच लिहिली होती. दरवेळी लिहायची, आणि तरी तिच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, पण मी कुठला शहाणा. अश्विन म्हणाला, फळा आत घ्या आणि नवी चिप चांगली आहे असं पोरांना सांगा. नाहीतर वॉरंटीतली जी मशीन्स मी तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवतो, ती बंद. तिच्या टेबलावरचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं.

आनंदरावांनी स्टुलावरूनच विचारलं, "काटा शून्यावर आणला होता का वं?"

"नाही आणला, बाबा."

तिचे कान लाल झाले होते. शोरूमवाल्यासमोर चुकणं तिनं एकवेळ पचवलं असतं. बापासमोर, आणि एसटीनं आलेल्या माणसासमोर चुकणं तिला फार लागलं. मला वाटलं, आता ही फळा उतरवणार. तिनं फोन उचलला. जानेवारीत तपासलेलं ते जुनं मशीन प्रशिकचं होतं. तो कळमेश्वरला लग्नांचे व्हिडिओ करतो. ते घेऊन आत्ताच्या आत्ता ये, असं तिनं त्याला सांगितलं. मग अश्विनला म्हणाली, तुम्हीही थांबा, आणि शोरूममधलं नवं मशीन मागवून घ्या.

दुपारी दोनला दोन्ही लॅपटॉप एका टेबलावर शेजारी ठेवले. कूलर बंद, पंखा बंद. आधी पाऊण तास दोन्ही तापवले, मग एकाच क्षणी तेच चित्र सुरू केलं. बाहेर पंचेचाळीस अंश होते. अश्विनचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला, पण तो गेला नाही. त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. रुपराव दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं बघत होते. मी माझं दुकान उघडं टाकून तिथेच उभा होतो, जुनी जिंकावी म्हणून मनात घोकत.

नवी चिप तेहतीस मिनिटांत सुटली. जुनीला छत्तीस लागली.

मला कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. अश्विन हसला. झालं तर मग, म्हणाला, जुनी ओळ पुसा आणि लिहा, नवी जिंकली. आकडे कशाला हवेत.

दीप्तीनं मार्कर घेतला. एकोणतीसवर एक आडवी रेघ मारली, पण आकडा पुसला नाही. शेजारी लिहिलं: माझी चूक, जानेवारीत मोजलं होतं. खाली लिहिलं: एकाच दुपारी, एकाच टेबलावर, जुनी छत्तीस, नवी तेहतीस. आणि त्याखाली ठळक: फरक तीन मिनिटांचा. दुप्पट नाही.

"शेवटचं ते काहून लिहिलं?" अश्विनचं हसू मावळलं होतं.

"माही चूक मी लिहिली. तुमचीही लिहीन. फळा इथंच राहीन."

"काम बंद होईन, ताई."

"होऊ द्या."

मार्करचं टोपण तिनं दोनदा लावलं, दोनदा काढलं. भीती होतीच, मला दिसत होती. अश्विननं आपलं मशीन उचललं आणि गेला. काम खरोखर बंद झालं. पावसाळाभर तिचं टेबल अर्धं रिकामं होतं.

रुपरावांनी विचारलं, आता काय घेऊ. तिनं सांगितलं, तीन मिनिटांसाठी जास्तीचे पैसे मोजायचे का, ते तुम्ही आणि पोरगी ठरवा. त्यांनी बाजारातून जुनंच घ्यायचं पक्कं केलं. जाताना म्हणाले, "सकाळी घेतलं असतं तं फसलो असतो. आता समजून घेऊन राहिलो."

या गोष्टीला वर्ष झालं. चौकातलं पोस्टर बदललंय; त्यावर नवी चिप आहे आणि पुन्हा दुप्पटच आहे. पण पोरं आता शोरूममध्ये जाऊन विचारतात, कूलर बंद करून मोजलं का, कोणत्या महिन्यात मोजलं. फळ्यावर कितीतरी नव्या ओळी आल्या आणि पुसल्या गेल्या. ती एक ओळ मात्र वर तशीच आहे. उन्हानं शाई उडाली की दीप्ती मार्कर घेऊन बाहेर येते, एकोणतीसचा तो चुकीचा आकडा पुन्हा ठळक करते, आणि त्यावर पुन्हा रेघ मारते.