खालांच्या मापाचा फोन

“तिला बोलायला नका लावू, वहिनी. नुसती पाठवा. बोलणं मी करीन, बटणं ती दाबेल.”

स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मी हे ऐकलं. बाहेर पडवीत रुकय्याखाला आईशी बोलत होत्या. आई म्हणाली, “अहो, पण ती कुणाच्या घरी जात नाही. आमच्या नातेवाइकांकडेसुद्धा नाही.” त्यावर खाला हसल्या आणि म्हणाल्या, “मग माज्याकडे येईल. मी नातेवाईक कुठं हाय?”

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये दगडांचा एक गुडघाभर उंचीचा गडगा होता. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमची घरं, त्यामुळे दुपारी वारा फिरला की बंदरावरचा बर्फ फोडल्याचा आवाज थेट अंगणात यायचा. एवढ्या जवळ राहूनही तोपर्यंत मी खालांना फक्त ऐकलं होतं. त्यांचं शिलाई मशीन सकाळी नऊला सुरू व्हायचं आणि उन्हं उतरताना, अस्राच्या अजानीला थांबायचं. शाळेचे गणवेश, बुरखे, परकर, नवरीचे कपडे, सगळं त्या शिवत. अर्ध्या गल्लीच्या खांद्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती.

त्या पावसाळ्याच्या अलीकडेच मोबाईलवर येणारे फोन फुकट झाले होते आणि घरोघरी हँडसेट दिसू लागले होते. खालांचा फोन मात्र दुबईहून आला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा सलीम मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होता. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून, टॉवेलात गुंडाळून, त्यानं तो धाडला होता. फोनात सगळं इंग्रजी. आणि मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकलेली. जिच्यावर इंग्रजी अक्षरं आहेत ती कुठलीही वस्तू माझं ऐकेल, असं आमच्या गल्लीत सगळ्यांनाच वाटायचं.

मी गेले तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. ओठांच्या एका कोपऱ्यात पाच-सहा टाचण्या धरून त्या काम करत, आणि टाचण्या असेपर्यंत बोलत नसत. गळ्यात मापाची पट्टी, चष्म्याच्या काडीला निळा दोरा बांधलेला. त्यांनी मानेनंच मला बसायला वेताचा मोडा दाखवला. मी बसले. त्या काम करत राहिल्या, मी बघत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की परक्या घरात पहिल्यांदाच मला घाम फुटलेला नाही.

मग त्यांनी टाचण्या काढल्या, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तयार कपडा कुणालाच बसत नाय, बाय. कंपनीनं ह्यो सगळ्या जगाच्या मापानं शिवून पाठवलाय. आता माज्या मापाचा कर.”

तो फोन मापाचा करायला आम्हाला जवळजवळ महिना लागला. दुसऱ्या कुणाला पाच मिनिटं लागली असती. पण खालांची कामाची एक रीत होती. कुठलाही कपडा आधी कच्च्या टाक्यानं जोडायचा, अंगावर घालून बघायचा, चालून, बसून, हात वर करून बघायचा, आणि मगच पक्की शिलाई मारायची. फोनलाही त्यांनी तीच रीत लावली. मी एखादी गोष्ट बदलली की म्हणायच्या, “हा कच्चा टाका. उद्यापर्यंत घालून बगते.” दुसऱ्या दिवशी मी गेले की निकाल मिळायचा. “आवाज काखेत घट्ट होतोय,” असं त्या खरंच म्हणाल्या होत्या. म्हणजे रिंग फार मोठी आहे.

बटण दाबल्यावर येणारा टिक-टिक आवाज त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावला. “प्रत्येक पावलाला बोंब मारतंय. त्याला सांग, ह्या पोरीसारखं गप काम कर.” मी खाली बघितलं, पण हसले. मशीन चालू असताना रिंग ऐकू येत नाही म्हणून त्यांनी स्वतःच युक्ती काढली: फोन थरथरता ठेवायचा आणि बटणांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात उभा करायचा. फोन आला की अख्खा डबा खडखडायचा आणि बाहेर झोपलेलं मांजर उठून पळायचं.

फोन सुरू केला की पडद्यावर दोन शब्द उमटतील अशी सोय होती. काय लिहू, असं मी खुणेनंच विचारलं. मला वाटलं, त्या स्वतःचं नाव सांगतील. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. “लिही, जेवलीस काय.” सलीमचा फोन आला की त्याचं पहिलं वाक्य हेच असायचं. त्या फोनात देवनागरी नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं. खालांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. पण नक्षी ओळखावी तशी त्यांनी ती ओळख करून घेतली. कधीकधी उगाच फोन बंद करून पुन्हा सुरू करायच्या, आणि पडद्याला उत्तर द्यायच्या, “हां हां, जेवले.”

घड्याळाचं मात्र मला फार दिवस नवल वाटत राहिलं. फोनातलं घड्याळ त्यांनी रत्नागिरीच्या वेळेवर ठेवलंच नाही. “इथली वेळ भिंतीवर हाय की. ती दोनदा कशाला?” सलीम ज्या बंदराकडे निघाला असेल, तिथली वेळ मी फोनात लावायची. माझ्या शाळेच्या ॲटलासमध्ये बघून आम्ही हिशेब करायचो. जहाज पुढे गेलं की मी एक तास मागे घ्यायची, कधी पुढे. मला आठवतं, दुपारची तीनची वेळ असायची, खिडकीतून येणारं ऊन कापडाच्या तुकड्यांवर पसरलेलं, आणि डब्यातल्या फोनवर पहाट. खाला मशीनचं चाक हातानं थांबवून डब्यात डोकावायच्या आणि म्हणायच्या, “उठला असेल आता. तोंड धुतोय.” थोड्या वेळानं, “आता खाली गेला असेल कामाला. खाली लई गरम होतं.” ते इतक्या सहज म्हणायच्या की मलाही वाटायचं, बाजूच्या खोलीत कुणीतरी आहे, त्याला उठायला उशीर झालाय. त्या खोलीत दोन्हीकडच्या वेळा एकमेकींत मिसळून जात. घरी आल्यावर खरे किती वाजलेत ते कळायला मला क्षणभर थांबावं लागायचं.

खालांचे यजमानही खलाशी होते. ते वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल त्या कमी बोलत आणि बोलल्या तर तुटक. “वर्षाला एक पत्र. विचारलं तर म्हणायचा, टाकलं होतं, पोचलं नसेल. दर्यावरच्या माणसाला पोस्टमन बरा सापडतो.” सलीम त्याच्या बापासारखा नाही, हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं. तो सांगितल्या दिवशी फोन करायचा. दुबईच्या जवळपास असला की स्वतःच्या मोबाईलवरून, आणि लांब गेला की ज्या बंदराला जहाज लागेल तिथल्या बूथवरून.

रमजान आला. खालांकडे कपड्यांचे गठ्ठे छतापर्यंत गेले आणि फोनचा डबा दिवसभर खडखडू लागला. माझा झाला का, बाही लांब ठेवा, गळा बंद करा. उपासानं त्यांचं डोकं दुखायचं. एका दुपारी कपाळाला ओढणी बांधून त्या म्हणाल्या, “बाय, ह्या सगळ्यांना गप करता येईल काय? फक्त माज्या माणसाचा वाजू दे.”

येत होतं. फोनात माणसांचे गट करता यायचे आणि ठरावीक गटाचाच फोन वाजेल, बाकीचे मुक्यानं येऊन जातील, अशी सोय होती. मी ‘फॅमिली’ गटात सलीमचा दुबईचा नंबर टाकला आणि बाकी सगळं गप्प केलं.

“सलीमचा वाजेल ना?”

मी मान हलवली. त्या वेळी सलीम ब्राझीलच्या एका बंदराकडे निघाला होता. तिथून तो बूथवरून बोलणार, आणि बूथ कुठल्याच गटात नसतो, हे मला सुचलं नाही. त्या दिवशी आम्ही कच्चा टाकाही घातला नाही. काम फार होतं.

ईदच्या आदल्या रात्री, चांदरातीला, शेवटचा कपडा गेला की फोन पुन्हा पहिल्यासारखा करायचा, असं ठरलं होतं. मी गेले. पण त्यांच्या दारात चपलांचा ढीग होता, आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, मेंदी चालली होती. मी पायरीवर थोडा वेळ उभी राहिले. मग गडगा ओलांडून परत आले. उद्या करू, असं मनाशी म्हटलं.

ईदच्या संध्याकाळी आईनं मला बळेच पाठवलं. खालांनी शीरखुर्मा दिला. नवीन कपडे घालून त्या डब्याशेजारी बसल्या होत्या. सकाळपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या म्हणे. पाहुण्यांनाही तिथंच बसून भेटल्या. “जहाज लांबलं असेल,” एवढंच म्हणाल्या. मग वाटी ठेवायला आत गेल्या. मी फोन उचलला.

न उचललेल्या फोनांच्या यादीत एक लांबलचक परदेशी नंबर होता. तीन वेळा. वेळ फोनात त्याच्याकडचीच लावलेली, म्हणून मला दिसलं की तो साडेसहाला उठून बूथवर गेला होता. पावणेसातला पुन्हा. सातला पुन्हा. इकडे तेव्हा दुपार होती, पडदा डब्याच्या तळाशी उजळत होता, आणि खाला हातभर अंतरावर बसून कान देऊन होत्या.

आत वाटी धुतल्याचा आवाज येत होता. मी सगळ्यांचे फोन वाजतील असं करून टाकलं. मग ती यादी पुसली. दोन बटणं लागली.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या बंदरातून सलीम बोलला. मी तिथंच मोड्यावर बसले होते. त्यानं जेवलीस काय विचारलं असणार, पण खालांनी उत्तर दिलं नाही. “वर्षाची ईद,” त्या म्हणाल्या. “मी दिवसभर बसले.” पलीकडून तो काहीतरी मोठ्यानं बोलत होता. “तीनदा? मग माज्या कानाला काय झालं?... नको सांगू. तुज्या बापाची पत्रं पन अशीच यायची.” पलीकडून फोन ठेवला गेला. खालांनी टाचण्या तोंडात धरल्या आणि संध्याकाळपर्यंत काढल्या नाहीत.

त्यानंतर घड्याळ बदलायला त्यांनी मला बोलावलं नाही. मी आपण होऊन जात राहिले. जहाज कुठं आहे हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं, आणि फोनात अजून ब्राझीलची वेळ चालली होती. एकदा माझ्या ओढणीची सुटलेली शिलाई त्यांनी हातात घेऊन बघितली. “कुणीतरी चुकलेला टाका न उसवता वरनं दुसरा मारलाय. म्हनून ओढतंय.” त्या ओढणीबद्दलच बोलत होत्या. मी घरी येऊन रडले.

खालांना जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारात सलीमभाई त्यांच्या उशाशी होता. त्यांची मापांची वही त्यानं मला दाखवली. तिच्यात माझं माप होतं. मी त्यांच्याकडून कधी काही शिवून घेतलं नव्हतं. त्यांनी ते नजरेनं घेतलं असावं, मी बटणं दाबत असताना. समोरच्या माणसाला जरासुद्धा न दुखवता त्या त्याच्या सगळ्या वेड्यावाकड्या जागा बघून ठेवत, आणि कापड तिथं थोडं सैल सोडत. मी पाहिलेल्या माणसांत एवढा समजूतदारपणा दुसऱ्या कुणात नव्हता. आणि त्याच बाईनं, एका दुपारी, स्वतःच्या मुलाला मात्र थोडंही सैल सोडायचं नाही असं ठरवलं होतं.

ती दुपार, त्या ईदनंतरची, अशी. फोनवर मेसेज आला होता. खालांनी तो माझ्यापुढे धरला. मी वाचून दाखवला: जहाज दुबईला लागलंय. दोन महिने सुट्टी मिळतेय. घरी येऊ का, ते कळव.

“विचारतोय,” खाला म्हणाल्या. “आपल्या घरी यायला विचारतोय.” मग त्यांनी हातातल्या टाचण्या एकेक करून टाचण्यांच्या उशीत खोचल्या. “लिही. येऊ नकोस.”

मी लिहिलं.

“पुढं लिही. खोटं बोलून या घरात एकजण राहिला, तेवढा पुरे. पाठव.”

बाहेर बर्फ फोडणं चाललं होतं. ऊन कापडावरून सरकून मशीनच्या पायाशी आलं होतं. माझा अंगठा बटणावर होता, आणि पडद्यावर मीच लिहिलेली अक्षरं होती. ती वाचू शकेल असं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

“बाय, गेला काय?”

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. “खाला, सलीमभाई खोटं बोलला नाही. ईदला त्याचे तीन फोन आले होते. तुमचा फोन मी गप्प ठेवला होता, आणि संध्याकाळी तुम्ही वाटी धुवायला गेलात, तेव्हा ते तिन्ही मी पुसले.”