लाडाने कुजतात ती

"शैला गेली गो," असा लाटंबार्सेहून वासूदादाचा फोन आला, आणि लगेच पुढे, "तिच्या झाडांची काळजी करू नको, मी पाणी घालतंय." बहीण गेल्याचं दुःख राहिलं बाजूला, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादा आणि पाणी! पेडण्याहून निघाले ती रोपं वाचवायलाच.

प्रयोगशाळेत, निर्जंतुक बंद बाटलीतल्या जेलीत वाढलेली ऑर्किडची रोपं आणून शैलाताई जगवायची. मुळांची जेली धुवायची, नारळाच्या सोडणात नि कोळशात लावायची, सावलीच्या जाळीखाली प्लास्टिकने झाकायची. पाणी ओतायचं नाही, नुसता फवारा. मग रोज प्लास्टिकचा कोपरा किंचित जास्त उचलून चिमटा लावायची. वारा सोसायची सवय त्यांना अशीच लागते. आमच्या शहाण्या घराण्याला हे उभ्या जन्मात कळलं नाही. एका चवथीला तर दादाने रोपांची बाटलीच गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीत, सुपारीच्या घडाशेजारी अडकवली. वर झाकणही काढलं!

"गुदमरतलीं गो तीं!" दादा म्हणाला.

"तुझो जीव गुदमरता तर तू भायर जा," ताई कडाडली. दोन-चार दिवसांत बाटलीत बुरशी... आणि हा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतोय.

आता पोचले तर समाचाराला तेच लोक. "पोटच्या पोरांसारखी वाढवली हो तिने!" ताईने असल्यांना दारातूनच हाकललं असतं. कोणी असं बोललं की ती फणकारायची, "पोरां कसलीं? लाड केले तर कुजतत तीं." आणि घरामागे जाळीत दादाने लाडच केले होते. ताईला बरं वाटावं म्हणून प्लास्टिक ओढून फेकलेलं, वर बादलीने पाणी. तिची शेवटची रोपं, निम्मी चिखलासारखी मऊ पडलेली. डोळे पुसत मला म्हणतो, "तिचो आत्मा थंड झालो असतलो." मी त्याला बाहेर काढलं आणि जाळीला कुलूप घातलं. गावात आता मी माजोरडी म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे.

तेव्हापासून इथेच आहे. उरलेली रोपं झाकली, नि रोज तिच्यासारखा एकेक चिमटा वर सरकवत गेले. आज सकाळी सगळं प्लास्टिक काढलं. वारा आला, पानं हलली... एकही रोप लवलं नाही. "ताई, बघ गो," मी मोठ्याने म्हटलं, आणि तिचे चिमटे मुठीत धरून मीच मटकन खाली बसले.