रात्रीचा चमचा

आजोबांनी उभी हयात एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये काढली. लोकांना वर नेलं आणि स्वतः रोज खाली उतरून घरी आले. निवृत्तीनंतर घरात त्यांच्याकडे एकच खातं उरलं: झोपताना नातीला औषध पाजायचं. तिला दमा होता. रात्री छाती शिट्टी वाजवायला लागायची. औषध लाल आणि गोड. आजोबा ते खुणेपर्यंत मोजून देत, आणि त्याचा गुण धुऊन जाऊ नये म्हणून वर पाणी देत नसत. पोरगी चमचा चाटूनपुसून साफ करी आणि त्यांच्या खांद्यावरच झोपून जाई.

तिच्या दाढा किडल्या तेव्हा घरात चौकशी बसली. सुनेने टॉफ्या-चॉकलेटं कधीच हद्दपार केली होती. म्हणजे चोर घरातलाच, आणि दिवसभर रिकामा माणूस घरात एकच. "बाबा, खरं सांगा, मी रागावणार नाही," सून म्हणाली. म्हणजे रागावून झालं होतं. आजोबांनी कानावर हात ठेवले. पेपरातून डोकं न काढता मुलगा म्हणाला, की पोरीला नाही म्हणणं बाबांना कधी जमलंच नाही. कोटाचे खिसे तपासले गेले. त्यातून कवळीची डबी निघाली.

दवाखान्यात आजोबा आरोपी म्हणूनच गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खाऊचं विचारलंच नाही; झोपण्यापूर्वी तोंडात शेवटचं काय जातं, एवढंच विचारलं.

"आजोबांचं औषध," नात म्हणाली.

"त्यात साखर असते. झोपेत लाळ कमी सुटते, मग साखर रात्रभर दातांवर बसते. जंतू तिचं आम्ल करतात, आणि आम्ल दात पोखरतं. औषध थांबवू नका. पण ते दिल्यावर दात घासून मगच झोपवा."

दोन दाढांत सिमेंट भरलं. तिसरी काढावी लागली. बिनसाखरेचं औषध मिळतं का, हे मुलाने दुकानात विचारलं. दुकानदाराने नकारार्थी मान हलवली.

"टॉफीचं मी उगाच बोलले, बाबा," वाटेत सून म्हणाली. आजोबांना वाटलं, टॉफीच असती तर बरं झालं असतं. ती बंद तरी करता आली असती.

त्या रात्री पोरीला धाप जरा जास्तच लागली. आजोबांनी चमचा दिला, नव्या ब्रशवर पेस्ट घेतली आणि श्वास बसायची वाट पाहत राहिले. धापेत ब्रश तोंडात घालणार कसा? हळूहळू शिट्टी बारीक झाली, थांबली. आणि ती थांबली तशी पोरीची मान त्यांच्या खांद्यावर कलली. आजोबांनी ओल्या रुमालाचं टोक तिच्या ओठांशी नेलं. ओठ उघडेनात. हलवून जागं करावं तर पुन्हा धाप.

"घासले का हो दात?" सुनेने स्वयंपाकघरातून विचारलं.

पेस्ट ब्रशवरच वाळत होती.

"हो," आजोबा म्हणाले.