खाडीकडे वळवलेला दिवा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही माझ्या बाला कधी पाहिलं नाही म्हणून असेल. पाहिलं असतं तर मला हे सांगता आलं नसतं.

बा म्हणजे माझे वडील. आगरदांडा ते दिघी, खाडीच्या या तीरावरून त्या तीराला, होडी चालवायचा, तिचा तांडेल. मी बी. ए. झालो तेव्हा आमच्या कोळीवाड्यात पेढे कमी पडले आणि लोकांनी सुकटीवर तोंड गोड करून घेतलं. खरंच. असे ते दिवस होते. मला शिकायला पाठवलं ते आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर हा कागद तिथेच संपेल. म्हणून परीक्षा झाल्यावर त्यांनी मला पहिलंच काम सांगितलं, तेव्हा मी आनंदाने अक्षरशः धावत गेलो.

काम काय? डॉक्टरांच्या मोटारीला तिसरा दिवा बसवायचा. गाडीचे दोन दिवे पिवळे, मिणमिणते. अंधार पडल्यावर रोग्याकडे जायचं तर बैलगाडी अगदी नाकासमोर आल्यावर दिसायची. मुंबईहून इंग्रजी यादी मागवली होती, ती वाचून दिवा निवडायचा होता मी.

यादीत दोन जातीचे दिवे होते. एकाचा उजेड रुंद आणि बुटका, रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवणारा, धुक्यातही चालणारा. दुसऱ्याचा अरुंद आणि लांब पल्ल्याचा. डॉक्टरांचा ड्रायव्हर इस्माईल म्हणाला, "बीएसाहेब, रुंदवाला घ्या. आपल्याला गटार दिसलं पाहिजे, मक्का नाही." तो बरोबर होता. पण मला लांबचा हवा होता. का? चित्रातला त्याचा झोत पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता, एवढंच. मी दोन-चार इंग्रजी शब्द फेकले आणि डॉक्टर म्हणाले, "धर्मा म्हणतो तोच घ्या."

दिवा रेवसला बोटीने आला. परातीएवढा, आतून आरशासारखा. मडगार्डांच्या मधल्या लोखंडी पट्टीला आम्ही भोक पाडलं. अर्धा दिवस त्यातच गेला. तार बॅटरीपर्यंत नेली, बटण इस्माईलच्या उजव्या गुडघ्यापाशी बसवलं. मी पुस्तिका वाचायचो, तो पाना फिरवायचा. मी "डावीकडे" म्हटलं की तो विचारायचा, "गाडीच्या डाव्या की तुमच्या डाव्या?" आणि आम्ही दोघं हसत सुटायचो. दिवा एका बोल्टावर फिरायचा, हवा तिकडे वळवून घट्ट करायचा. दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर पंचवीस पावलांवर गाडी उभी करून आम्ही तो जुळवला. पण भिंतीवर पल्ला कसा कळणार? म्हणून दिवस मावळताना गाडी खाडीकाठच्या उंच माळावर नेली, तोंड रस्त्याच्या दिशेने ठेवून.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. तिन्हीसांजेनंतर होडी पाण्यात असली की किनाऱ्यावरून खाडीला उजेड दाखवायचा नाही. चूल असेल तर माडाच्या पानांच्या झापाच्या आड. पाण्याला एकच दिवा दिसायचा, धक्क्यावरच्या खांबाचा कंदील. तांडेल त्यावर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, धरून येतो. आमच्यात चालायला लागलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं का?

इस्माईल नमाजाला गेला. जाताना म्हणाला, "तोंड रस्त्याकडेच राहू द्या हां. होडी पाण्यात आहे."

होडीत बा होता. पलीकडून नवरीकडचं वऱ्हाड घेऊन येत होता. वल्ह्यांचा आवाज ओळखू येत होता मला. आणि मला वाटलं — काय वाटलं ते नीटच सांगतो — की बाने बघावं. त्याच्या पोराने इंग्रजी वाचून आणलेला, स्वतःच्या हाताने बसवलेला उजेड त्याने पाण्यावरून बघावा. विसरून नाही. चुकून नाही. मी बोल्ट सैल केला, दिवा खाडीकडे वळवला आणि बटण दाबलं.

काय दिसला तो! पाण्यावर पांढरी वाट पडली. शीड, वल्ही, आणि मागे सुकाणूवर बा. मी एकटाच हात उंचावून नाचलो. एक मिनिट असेल, फार तर दोन. मग होडीची नाळ माझ्याकडे वळताना दिसली.

बाला वाटलं, नवऱ्याकडच्यांनी वऱ्हाडासाठी धक्क्यावर गॅसबत्ती टांगली. धक्का होता वळणापलीकडे. माझ्या दिव्याखाली होता ओहोटीचा चिखल. मी घाबरून तारच ओढली. अंधार झाला, आणि त्या अंधारात होडी चिखलात घुसल्याचा असा मऊ, लांबट आवाज आला की मला अजून ऐकू येतो.

कुणाला खरचटलंही नाही, हे आधी सांगतो. उलट तसली वरात पुन्हा व्हायची नाही. लग्नघरचे लोक हाका ऐकून धावत आले, मीही उतरलो. माणसं मांडीपर्यंत चिखलात. नवरीला तिच्या मामाने खांद्यावर घेतलं आणि तो रुतला, तेव्हा नवरी वरून ओरडली, "मामा, तू राहा हतंच, मना फेक पुढं!" सनईत चिखल गेला होता तरी सनईवाला वाजवत होता, आणि सनई म्हशीसारखी रेकत होती. विहिणी काठावर आल्या तेव्हा कोण कुणाकडची ते कळेना, सगळ्या सारख्याच काळ्या. आमच्याकडे अजून त्याला चिखलाचं लग्न म्हणतात आणि आठवून आठवून हसतात. मीही हसतो.

मांडवात पाय धुताना नवऱ्याच्या चुलत्याने बाला धरलं. "काय तांडेल, डोळे घरी ठेवून आला होतास?"

बा म्हणाला, "मना उजेड दिसला. मोठा."

वल्हेकऱ्यांना विचारलं, पण वल्हणारे तोंड मागे करून बसतात; पाठीमागचा उजेड त्यांनी धक्क्याचा समजला होता. बाकीचं वऱ्हाड शिडाआड, दव चुकवायला कापड पांघरून बसलं होतं. नाळेवर एकटा ढोलकीवाला, आणि तो ताडी पिऊन होता. तो छातीवर हात मारून म्हणाला, "मी बघितला! सूर्य उगवला खाडीत!" मांडव हसून कोसळला. बाची साक्ष तिथेच बुडाली.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "धर्मा माळावर होता ना मोटारीपाशी? शिकलेला माणूस हाय. त्याला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरही. इस्माईल मागे उभा होता. त्याच्या येण्याआधी मी दिवा परत रस्त्याकडे वळवून ठेवला होता. बा माझ्याकडे बघत होता, काकुळतीने नाही. मजेत. आता पोरगा सांगेल, अशा खात्रीने.

मी म्हणालो, "नाही. उजेड नव्हता. आमच्या दिव्याची तार सुटली होती."

का म्हणालो? डॉक्टरांसमोर लाज, दुसरं काय? एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

बाने दोन्ही हातांनी डोळे चोळले. मग तोच हसला, सगळ्यांत आधी. "माजा पोऱ्या बोलतो न्हाय, म्हंजे नसंल. म्हातारा झालो मी." आणि दुसऱ्या दिवशी त्याने सुकाणू माझ्या चुलतभावाच्या हाती दिलं. तीस वर्षं धरलेलं सुकाणू. आपले डोळे गेले असं त्याने माझ्या शब्दावर मानलं.

त्यानंतर बा दुःखी राहिला असं मुळीच नाही. धक्क्यावर जाळी विणायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायचा. डॉक्टर त्याला मोटारीत पुढे बसवून हिंडवायचे. त्याला ते भारी आवडायचं. नवऱ्यामुलासारखा पागोटं सावरून बसायचा.

एका संध्याकाळी आम्ही मुरुडहून परतत होतो. गाडी इस्माईल चालवत होता, मी मागे. बा म्हणाला, "लाव रं तुजा तो दिवा." इस्माईलने बटण दाबलं. रस्ता लांबवर पांढरा झाला आणि बा लहान पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. "तो बघ मुंगूस! आरं, त्या बाभळीखाली!" इस्माईलला दिसलं नाही. मला दिसलं नाही. गाडी बरंच अंतर कापून बाभळीजवळ आली, आणि तिच्याखालून मुंगूस निघून रस्ता ओलांडून गेलं.

बाने त्या झोताकडे बोट केलं. मग मागे न वळता म्हणाला, "त्या राती असाच व्हता उजेड." आणि लगेच, अगदी समजुतीने, "पन तू बोललास, नव्हता."

मी काही बोललो नाही. घर येईपर्यंत नाही, त्यानंतरही कधी नाही. आता बा नाही.

उजेड होता. मी लावला होता.