पेन्सिलीतलं वाक्य

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. रोज जगाला चार गोष्टी ऐकवणाऱ्या माणसाने एवढी एकच गोष्ट इतकी वर्षं गिळून ठेवावी — माझं मलाच हसू येतं. कडू हसू.

तुम्ही मला ओळखत असाल. नारायणगुड्यातल्या घरी, पुस्तकांच्या कपाटापुढे बसून, संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर दिल्लीचं राजकारण समजावणारा तो मीच. नावाखाली पट्टी येते — राज्यशास्त्रज्ञ. शास्त्र कसलं? अँकरला एक चटकदार वाक्य हवं असतं, आणि मला तशी वाक्यं सुचतात. त्याचाच माज होता मला.

असंच एक वाक्य मी दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं. सुजाता माझी पीएचडीची विद्यार्थिनी. लोकसभेच्या निवडणुकीत वस्त्यावस्त्यांतून पायपीट करून तिने एक प्रकरण लिहिलं होतं — सरळ, कोरडं, प्रामाणिक. मला ते अळणी वाटलं. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'इथला मतदार मत देत नाही, हजेरी लावतो.' ती म्हणाली, सर, हे जरा जास्त होतंय, लोक मला असं काही बोललेले नाहीत. मी म्हटलं, राहू दे. ते राहिलं, आणि प्रकरण एका नियतकालिकात तिच्या नावाने छापून आलं.

पुढचं — पुढचं सांगायला म्हणूनच तर बसलोय. कुणीतरी ते वाक्य उचललं. मतदारांचा अपमान झाला म्हणून गदारोळ उठला. सुलतान बाजारात तिच्या वडिलांचं शाळेच्या पुस्तकांचं दुकान. तिथे घोषणा देत माणसं आली, शटर ओढून घ्यावं लागलं. त्याच संध्याकाळी अँकरने पडद्यावर तिचा फोटो लावला आणि मला विचारलं, ही तर तुमचीच विद्यार्थिनी, तुमचं काय म्हणणं?

काय म्हणायचं होतं मला? वाक्य माझं आहे — तीन शब्द. मी म्हणालो, "तरुण संशोधकांना टाळ्यांची घाई असते. मी हे वाक्य पाहिलं असतं, तर काढायला लावलं असतं." अडखळलोसुद्धा नाही. का? उद्यापासून चॅनेलचा फोन येणार नाही, ही भीती. दुसरं काही नाही.

बायको चहा घेऊन आली. म्हणाली, छान सावरून घेतलंत. मी चहा प्यालो.

एका कॉलेजात सुजाताची नेमणूक जवळजवळ झाली होती. ती थांबली ती थांबलीच. आठवड्याने सुजाता घरी आली, पण दारातच उभी राहिली. हातात तेच प्रकरण, माझ्या अक्षरासकट. ते कुठेही दाखवलं असतं तर मी संपलो असतो — तिला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

"सर, हे तुमच्याकडेच ठेवा. आमच्या घरी नक्को. बाबा अजून तुम्हाला मानतात." एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

पीएचडी तिने सोडली. आता कुकटपल्लीत इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांच्या शिकवण्या घेते, असं ऐकतो. मी काहीच सोडलं नाही.

ते कागद मी फाडले नाहीत. त्यात चांगुलपणा शोधू नका. फाडायचीही हिंमत झाली नाही, इतकंच. ते एका निळ्या फायलीत आहेत, त्याच कपाटात. सात वाजता मी बोलायला लागतो तेव्हा ती फाईल माझ्या डाव्या खांद्यामागे असते. तुम्ही पाहिलीही असेल.